जुनी मालमोटार आणि तिचा जीर्णोद्धार

महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवालयाच्या इमारतीचा, धर्मगुरूंचा आणि उपकारकर्त्यांचा इतिहास लिहिण्याची रीत आहे, व ती योग्यच आहे. परंतु ज्या वाहनांनीं गांवोगांवीं दगड, चुना, लांकूड, धान्य आणि आजारी माणसें वाहून नेलीं, त्यांची नोंद सहसा कोणी घेत नाहीं. वाहन जुनें झालें, चालेनासें झालें, कीं तें अंगणाच्या कडेला जातें. त्याच्या हौद्यांत कोंबड्या निजूं लागतात आणि एके दिवशीं भंगाराच्या तराजूंत त्याचा शेवट होतो. आम्हीं या लेखांत अशाच एका उपेक्षित सेवकाचा, म्हणजे हलक्या मालमोटारीचा इतिहास थोडक्यांत सांगणार आहोंत. हिलाच लोक ‘पिकअप’ म्हणतात.

कोणाच्या घरीं अशी जुनी पिकअप उभी असल्यास मालकापुढें तीन मार्ग असतात. ती मोडीत काढावी. रंगरंगोटी करून शोभेसाठीं उभी करावी. किंवा घरच्या घरीं, धीरानें, तिला पुन्हां चालती करून चालती ठेवावी. पहिला मार्ग सोपा आहे व दुसरा दिखाऊ आहे. तिसरा कठीण असला तरी तोच खरा जीर्णोद्धार होय, असें आमचें मत आहे. आणि तें कां, हें समजण्यासाठीं या गाड्या आमच्या प्रांतांत कशा आल्या व कोणाच्या हातांनीं जगल्या, हें आधीं पाहिलें पाहिजे.

आमचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून वेगळा झाला. परंतु हिंगोली गांवाचें महत्त्व त्याहून पुष्कळ जुनें आहे. निजामाच्या राज्यांत येथें हैद्राबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती व ती १९०३ पर्यंत टिकली. पुढें १९१२ सालीं पूर्णा जंक्शनापासून हिंगोलीपर्यंत मीटरगेज लोहमार्ग आला आणि पुष्कळ वर्षें येथेंच संपत असे. ही गोष्ट लहान दिसली तरी आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. जेथें रेल्वे संपते तेथें माल उतरतो. आणि उतरलेला माल पुढें कसा न्यावयाचा, हा प्रश्न तेथेंच उत्पन्न होतो. स्वातंत्र्यानंतर हा मार्ग अकोला व खांडव्याकडे जोडला गेला आणि २००८ सालीं पूर्णा ते अकोला हा भाग ब्रॉडगेज झाला. तत्पूर्वींच्या काळांत स्टेशनापासून खेड्यापर्यंतचा भार बैलगाडीवर असे. बैलगाडी तासाला सुमारें दोन मैल चालते. आणि पावसाळ्यांत आमच्या काळ्या जमिनींत चाक आंसापर्यंत रुतलें, कीं तेवढेंही अंतर तुटत नाहीं. कापूस, हळद, ज्वारी यांचा व्यापार करणाऱ्या मुलखाला मोठ्या लॉरीइतकीच लहान, हलकी आणि वाटेल त्या वाटेनें जाणारी गाडी हवी होती.

अशी गाडी प्रथम कारखान्यांत जन्मली नाहीं; ती शेतकऱ्याच्या खळ्यांत जन्मली, ही लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. अमेरिकेंत फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ मोटार स्वस्त झाल्यावर तेथील शेतकरी तिची मागची बाजू काढून त्या जागीं स्वतः केलेली लांकडी पेटी बसवीत व तींतून बटाटे, दुधाचे डबे, कोंकरें बाजारीं नेत. फोर्ड कंपनीनें १९१७ सालीं एक टन भार वाहणारी ‘टीटी’ चासी काढली. आणि २५ एप्रिल १९२५ रोजीं, लोक घरीं करीत होते तेंच कारखान्यांत करून, तयार लोखंडी हौद्याची पहिली पिकअप विक्रीस ठेविली. तिची किंमत २८१ डॉलर होती. हौदा ५६ इंच लांब, सुमारें ४० इंच रुंद व १३ इंच खोल असून मागें उघडता फाळका होता. इंजिन अवघें २० अश्वशक्तीचें होतें. आजच्या दृष्टीनें हें खेळणें वाटेल. परंतु ज्याच्या दारीं पूर्वीं केवळ घोडा व गाडा होता, त्याला ती मोठीच प्राप्ति होती.

मोटारीचें हें नवें युग मुंबईच्या बंदरांतून आपल्याकडे शिरलें. फोर्ड कंपनीची भारतीय शाखा १९२६ सालीं स्थापन झाली. आणि जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं शिवडी येथें कारखाना घालून सुट्या भागांच्या पेट्यांतून शेव्हरोलेट मोटारी व लॉऱ्या जोडण्यास आरंभ केला. त्या काळीं मालमोटारीची पुष्कळदां केवळ चासी विकत मिळे, म्हणजे सांगाडा, इंजिन, चाकें आणि पुढचा बोनेट. बसण्याची केबिन व हौदा गांवचे सुतार-लोहार बांधून देत. बैलगाडीच्या चाकासाठीं बाभूळ व दारांसाठीं साग निवडणारा कारागीरच मोटारीच्या हौद्यासाठींही लांकूड निवडूं लागला. म्हणून आपल्याकडील जुन्या मालमोटारीचें इंजिन परदेशचें असलें तरी अंग मात्र पुष्कळदां देशी असतें. जीर्णोद्धार करणारानें हें विसरूं नये. देशी बांधणीचा हौदा ‘अस्सल नाहीं’ म्हणून फेंकून देणें आणि परदेशीं चित्र पाहून नवा बसविणें, हा त्या गाडीच्या इतिहासावर अन्याय होय.

निजामाच्या राज्यांत सडकेवरील वाहतूक प्रथम रेल्वेच्या हातीं आली. १९३२ च्या जून महिन्यांत निजामाच्या सरकारी रेल्वेनें रस्ता-वाहतुकीचें खातें उघडलें. आरंभीं त्यांत २७ गाड्या व १६६ नोकर होते. त्या गाड्या स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरच्या आल्बियन कंपनीनें केलेल्या होत्या, व त्यांपैकीं एक आजही हैद्राबाद येथें जतन करून ठेविलेली आहे. मोठ्या संस्थेनें एक जुनी गाडी जपली, तर तिच्यामुळें साऱ्या खात्याचा आरंभ डोळ्यांपुढें उभा राहतो. मग एखाद्या कुटुंबानें किंवा गांवानें आपली एक गाडी जपली, तर त्या गांवाच्या बाजाराचा आणि रस्त्यांचा इतिहास कां उभा राहूं नये?

दुसऱ्या महायुद्धानें या वाहनांची मोठीच परीक्षा घेतली. पेट्रोलवर नियंत्रण आलें, टायर मिळेनासे झाले, सुटे भाग येईनात. तेव्हां बसगाड्यांना व लॉऱ्यांना कोळशाचा गॅस उत्पन्न करणाऱ्या भट्ट्या जोडण्यांत आल्या. भट्टींत कोळसा पेटवून, त्यावर बेताचा वारा देऊन, निघणारा गॅस गाळून इंजिनांत सोडीत. चालकाला पहांटे उठून आधीं विस्तव पेटवावा लागे, मग गाडी. जाळी वारंवार झाडावी लागे. आणि इतकें करूनही इंजिनाची शक्ति पेट्रोलच्या मानानें बरीच घटत असे, म्हणून चढावर उतारूंना उतरून चालावें लागे. परंतु त्या अडचणीनें आपल्या लोकांना एक विद्या दिली. यंत्र पाहून, त्याचा आवाज ऐकून, हातांत असेल त्या साधनानें तें चालतें ठेवण्याची ती विद्या होय.

युद्धानेंच जीप नांवाची गाडीही जगाला दिली. विलीज व फोर्ड या दोन कंपन्यांनीं १९४१ ते १९४५ या काळांत सुमारें साडेसहा लाख जीप केल्या. युद्ध संपल्यावर हीच गाडी शेतकऱ्यासाठीं म्हणून विकली जाऊं लागली, आणि १९४७ सालीं विलीज कंपनीनें तिच्याच घराण्यांतील चारही चाकांनीं ओढणारी मालमोटार काढली. आपल्याकडे १९४५ सालीं स्थापन झालेल्या व पुढें महिंद्र आणि महिंद्र या नांवानें प्रसिद्ध झालेल्या मंडळीनें मुंबईंत माझगांव येथें विलीज जीप जोडण्यास आरंभ केला. त्याच कंपनीनें १९६५ सालीं पुढें केबिन व मागें मोठा हौदा असलेली एफसी-१५० ही मालमोटार काढली. दुसरीकडे सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत डॉज, डिसोटो व फार्गो या नांवांच्या गाड्या तयार होऊं लागल्या. जीर्णोद्धारायोग्य अशा ज्या गाड्या आपल्या भागांत सांपडण्याचा संभव आहे, त्यांत या कारखान्यांच्या गाड्या मुख्य होत.

यानंतर जो प्रसंग आला त्यावर आमच्या लेखाचा सारा भर आहे. स्वतंत्र भारताच्या सरकारनें १९५३ सालीं जकात मंडळाच्या शिफारशीवरून असें धोरण घेतलें, कीं ज्यांना या देशांत प्रत्यक्ष उत्पादन करावयाचें नाहीं, केवळ पेट्या उघडून गाड्या जोडावयाच्या आहेत, त्यांनीं आपलें काम आवरावें. त्याप्रमाणें फोर्ड व जनरल मोटर्स या दोन्ही कंपन्यांचे येथील कारखाने १९५४ च्या सुमारास बंद पडले. देशी उद्योग वाढावा म्हणून हें धोरण होतें व त्याचीं फळें पुढें दिसलीं. परंतु रस्त्यावर धांवत असलेल्या हजारों फोर्ड व शेव्हरोलेट गाड्या त्यामुळें पोरक्या झाल्या. त्यांचे सुटे भाग मागवावयास दुकान उरलें नाहीं.

या पोरक्या गाड्यांना आधार दिला तो आमच्या गांवोगांवच्या मिस्त्रींनीं. बेअरिंग मिळत नसे, तेव्हां कथील व शिशाच्या मिश्रणाचा रस ओतून तें ओतीव बेअरिंग घासून बसविलें जाई. गॅस्केट नसे, तेव्हां जाड कागद कातरून तेलांत भिजवीत. पाटा तुटला तर लोहाराच्या भात्यापाशीं त्याला नवा आकार मिळे. एका गाडीचा डायनॅमो दुसरीस, दुसरीचा कार्बोरेटर तिसरीस, असें करतां करतां एका गाडीच्या पोटांत चार गाड्यांचे अवयव नांदूं लागले. शाळेची पायरी न चढलेल्या कित्येक माणसांनीं ही विद्या गुरूच्या हाताखालीं पाना देतां देतां मिळविली. तिच्यासाठीं पुस्तक नव्हतें व पदवी नव्हती. म्हणून आम्हीं म्हणतों, कीं जुन्या पिकअपच्या जीर्णोद्धारांत केवळ लोखंड जपावयाचें नाहीं. ही हाताची विद्या जपावयाची आहे. लोखंड गंजलें तरी घासून निघतें. जाणता मिस्त्री गेला म्हणजे त्याची विद्या त्याच्याबरोबर जाते.

ख्रिस्तसभेनें वाहनाला नेहमींच सेवेचें साधन मानिलें आहे. जुन्या रोमन विधिग्रंथांत वाहनाच्या आशीर्वादाची स्वतंत्र प्रार्थना असून, रथांत बसून शास्त्र वाचणाऱ्या इथियोपी अधिकाऱ्यास फिलिपानें वाटेंत सत्याची ओळख करून दिली, त्या प्रसंगाचें तींत स्मरण केलेलें आहे. विसाव्या शतकांत आफ्रिकेंतील एका मिशनमध्यें फा. ओटो फूरमान हे १९२५ सालीं मरण पावले. त्वरित वाहन असतें तर त्यांना वेळेवर औषधोपचार मिळाला असता. त्यांचे मित्र फा. पॉल शुल्टे यांनीं त्या दुःखांतून १९२७ सालीं ‘मीवा’ ही संस्था स्थापिली. दूरच्या मिशनांना मोटारी, नौका व विमानें पुरविणें हें तिचें कार्य होय. १९५० च्या ऑक्टोबर महिन्यांत कोरियाच्या युद्धभूमीवर फा. एमिल कापौन यांनीं जीपच्या सपाट बोनेटवर मिस्सा अर्पण केला, त्याचें छायाचित्र तर सर्वांच्या पाहण्यांतलें आहे. गाडीची योग्यता तिच्या झगमगाटावर नसून तिच्या हातून घडलेल्या सेवेवर ठरते, हें या उदाहरणांवरून ध्यानांत यावें.

आतां प्रत्यक्ष जीर्णोद्धाराकडे वळूं. उत्साही माणूस प्रथम रंगाचा डबा आणतो. ही चूक होय. रंग हें शेवटचें काम आहे. पहिलें काम वही व छायाचित्रें. गाडी जशी सांपडली तशी सर्व बाजूंनीं टिपून घ्यावी. काढलेल्या प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधावी. कोणती नट कोठून निघाली तें लिहावें. चासीवरील व इंजिनावरील क्रमांक जपावेत. गंज काढण्याच्या भरांत क्रमांक घासला गेला, तर गाडीची ओळखच पुसली जाते व पुढें सरकारी नोंदणी अशक्य होते.

दुसरें काम इंजिनाचें. वर्षानुवर्षें बंद असलेलें इंजिन एकदम बॅटरी जोडून फिरवूं नये. प्लग काढून प्रत्येक सिलेंडरांत थोडें तेल सोडावें, दोन-चार दिवस मुरूं द्यावें, मग हँडलनें हळू हळू हातानें फिरवून पाहावें. अडकलें तर बळ करूं नये; पुन्हां तेल सोडून वाट पाहावी. गंजलेल्या नटांना रॉकेल व तेल यांचें मिश्रण रात्रभर लावून ठेविल्यास पुष्कळ तुटफूट वांचते. १९५३ पर्यंतच्या शेव्हरोलेटच्या सहा सिलेंडरांच्या इंजिनांत वर सांगितलेलें ओतीव बेअरिंग असे व तेल शिंतोड्यांनीं पोंचे. अशा इंजिनाला नव्या गाडीसारखें धांवडवणें म्हणजे म्हाताऱ्या बैलाला शंकरपटांत उतरविणें होय.

तिसरें काम पेट्रोलच्या टाकीचें, आणि येथें सावधगिरी सर्वांत अधिक हवी. रिकाम्या टाकींत उरलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षां अधिक घातक असते. म्हणून जुन्या टाकीला घरीं कधींही झाळ लावूं नये व तिच्याजवळ विस्तव नेऊं नये. त्याचप्रमाणें गाडीखालीं शिरतांना केवळ जॅकवर विश्वास ठेवूं नये. भक्कम घोडे किंवा जाड लांकडी ठोकळे लावावेत. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत व गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असतें आणि जुन्या रंगांत शिसें असतें. म्हणून ती धूळ फुंकून उडवूं नये, ओली करून पुसावी, आणि लहान मुलांना दूर ठेवावें.

चौथें काम ब्रेकचें. इंजिन बंद पडलें तर गाडी उभी राहते. ब्रेक बंद पडला तर गाडी उभी राहत नाहीं. म्हणून गाडी चालवून पाहण्याआधीं ब्रेक नीट झाले पाहिजेत. शेव्हरोलेटनें १९३६ सालीं व फोर्डनें १९३९ सालीं तेलाच्या दाबाचे ब्रेक स्वीकारिले. अशा गाड्यांत चाकांतील सिलेंडरांचे रबरी वॉशर व सर्व नळ्या नव्या घालाव्यात. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषतें व आंतून गंज धरवितें. तें दर दोन वर्षांनीं बदलावें. त्याच्या जागीं इंजिनाचें तेल ओतल्यास रबर फुगून ब्रेक निकामी होतात.

पांचवें काम विजेचें. त्या काळच्या पुष्कळ गाड्या सहा व्होल्टच्या असत. व्होल्ट निम्मे झाले म्हणजे तेवढ्याच कामासाठीं प्रवाह दुप्पट लागतो. म्हणून तारा जाड हव्यात व चासीशीं होणारा जोड घासून स्वच्छ केलेला हवा. दिवे मंद जळतात म्हणून लोक बॅटरी बदलतात. खरा दोष बहुधा गंजलेल्या जोडांत असतो.

यानंतर पत्रा, हौदा आणि रंग. जेथें पत्रा कुजला असेल तेथें तो कापून नवा जोडावा. कुजक्या पत्र्यावर लांबी भरून रंग चढविणें म्हणजे भिंतीची भेग कॅलेंडरानें झांकणें होय. हौद्याच्या फळ्या बदलावयाच्या झाल्यास चांगलें वाळलेलें लांकूड घ्यावें, खालची बाजूही तेल पाजून मगच बसवावी, आणि पाणी निथळण्यास फटी ठेवाव्यात.

गाडी चालती झाली म्हणजे काम संपलें, असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक तेथून खरें काम सुरू होतें. जीर्णोद्धार एका हंगामाचा असतो, निगा जन्माची असते. आमच्या मराठवाड्याच्या हवेप्रमाणें तिचें एक पंचांगच मनाशीं धरावें. उन्हाळ्यापूर्वीं रेडिएटर धुवावा. आपल्या विहिरींचें व बोअरचें पाणी जड असल्यानें त्याची खपली आंत जमते, म्हणून शुद्ध केलेलें पाणी व गंजरोधक द्रव वापरावा. कडक उन्हांत पेट्रोलची नळी तापून आंत वाफ धरते व गाडी बंद पडते. तेव्हां बोनेट उघडून सावलींत थांबावें, स्टार्टर मारीत बसूं नये. पावसाळ्यापूर्वीं चासीच्या खालच्या अंगाला गंजरोधक लेप द्यावा, आणि चिखलांतून आल्यावर मडगार्डांच्या पोटांतील काळी माती त्याच दिवशीं धुवावी. ती माती महिनोन्‌महिने ओल धरून पत्रा खाते. हिवाळ्यांत पाटे, किंगपिन व सांधे यांना ग्रीस द्यावें, टॅपेट तपासावेत, तेल बदलावें. आणि बाराही महिने, पंधरवड्यांतून एकदां तरी, गाडी चार-सहा मैल फिरवून आणावी. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षां लवकर झिजते.

आजच्या काळांतील एक नवी अडचण येथें सांगितली पाहिजे. पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण वाढत जाऊन २०२५ सालीं वीस टक्क्यांवर पोंचलें. ऊंसवाल्या शेतकऱ्यास हें हिताचें असलें तरी जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व पडदे त्यानें लवकर खराब होतात. शिवाय इथेनॉल ओल शोषतें. कित्येक जुन्या टाक्यांत पातळी दाखविणारा बुचाचा तरंगता तुकडा लाखेनें मढविलेला असतो. आणि सुतार स्पिरिटांत चपडा लाख विरघळवून पॉलिश करतो हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना त्या लाखेचें काय होईल हें सांगावयास नको. उपाय असा कीं नळ्या व पडदे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालावेत, बुचाऐवजीं पितळी तरंगा बसवावा, आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असल्यास टाकी रिकामी करून कोरडी ठेवावी. मात्र हें काम मोकळ्या हवेंत, विस्तवापासून दूर करावें.

शेवटचा प्रश्न कायद्याचा. केंद्र सरकारनें २०२१ सालीं जुन्या वाहनांसाठीं स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुनें, आणि चासी, अंग व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेलें दुचाकी किंवा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येतें. त्याला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये व पुनर्नोंदणीचें ५,००० रुपये ठरविण्यांत आलें, आणि नोंदणीची मुदत दहा वर्षें. अशी गाडी प्रदर्शन, संशोधन, मेळावा, इंधन भरणें व दुरुस्ती एवढ्यासाठींच रस्त्यावर आणावयाची असते. रोजच्या किंवा धंद्याच्या कामास ती लावतां येत नाहीं.

या नियमानें जुन्या गाड्यांना भंगारापासून संरक्षण मिळालें, याबद्दल समाधान मानिलें पाहिजे. परंतु त्यांत एक खोल प्रश्नही दडलेला आहे. आमच्या खेड्यांतील बहुतेक जुन्या जीपा व पिकअप यांचें पेट्रोल इंजिन केव्हांच काढलें गेलें व परवडावें म्हणून त्या जागीं डिझेल इंजिन बसलें. ज्या मिस्त्रीनें असा बदल करून गाडी आणखी तीस वर्षें जगविली, त्याच्याच कृतीमुळें ती आज ‘अस्सल’ ठरण्यास अपात्र होते. श्रीमंताच्या गॅरेजांत झांकून ठेविलेली गाडी पात्र, आणि गरिबाच्या शेतावर राबलेली अपात्र, असा हा पेंच आहे. त्यावर आमची सूचना अशी आहे, कीं जिचें मूळ इंजिन हातीं आहे, तिचें तेंच राखावें व नियमाप्रमाणें नोंदणी करावी. परंतु जिचें अंग बदलून गेलें आहे, ती निरुपयोगी समजूं नये. कायद्याच्या वहींत तिला जागा नसली तरी गांवाच्या इतिहासांत आहे. रस्त्यावर नेतां न आली तरी तिला आवारांत चालती ठेवावी, कोणता भाग कोणीं व केव्हां बदलला तें लिहून ठेवावें, आणि तरुणांना तिच्यावर काम शिकूं द्यावें. असें प्रत्येक ठिगळ म्हणजे एकेका कारागिराची सही आहे.

म्हणून वाचकांस आमची विनंती इतकीच कीं, आपल्या घरीं, शेतांत वा ओळखीच्या ठिकाणीं अशी गाडी पडली असल्यास तिची किंमत किलोच्या भावानें करूं नका. आणि आपल्या गांवीं वृद्ध मिस्त्री असतील तर त्यांच्यापाशीं बसा. ते कोणत्या गाडीवर शिकले, बेअरिंग कसें ओतीत, टॅपेटचा आवाज कसा ओळखीत, हें त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. त्यांच्या हाताखालीं एखादा मुलगा वा मुलगी उभी करा. गाडीचा सुटा भाग आज ना उद्यां कोठें तरी मिळेल, नाहीं तर घडवितां येईल. त्या माणसांच्या हातांतील ज्ञानाचा सुटा भाग मात्र कोठेंही मिळणार नाहीं. तें त्यांच्या हयातींतच घेतलें पाहिजे.